जोडलंय, पण चार्ज होत नाही

ठिणगी : चार्जर बदलून पाहिला, मास्तर. एक नाही, तीन लावले. तिन्हींना तेच.

मास्तर : तीन वर्षांनी रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आलीस, आणि आल्या आल्या चार्जरचं बोलतेस. आधी बस तरी.

ठिणगी : बसते. हा ठेवू कुठे?

मास्तर : ठेव इथेच, टेबलावर. शनिवारपर्यंत तो माझ्याच फळीवर होता. माझ्या बायकोनं माझ्याच दुकानातून लॅपटॉप उचलला आणि समोरच्या दुकानात दुरुस्तीला नेला. अख्ख्या रस्त्यानं पाहिलं.

ठिणगी : रस्त्याला दुसरी कामं असतात.

मास्तर : मी तर पाहिलं. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तुझ्याकडे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना थांबवून तू तिला आत घेतलंस, खुर्ची दिलीस. त्या दिवशी अकरा जण आले तुझ्याकडे. बारावा 'बंद'ची पाटी वाचून परत गेला.

ठिणगी : तुम्ही मोजता?

मास्तर : हाताला काम नसलं की माणूस काय करणार. माझ्याकडे तीन आले. त्यातला एक तुझं दुकान कुठलं ते विचारायला.

ठिणगी : मास्तर, मी भांडायला आले नाही. आज चार वाजता बाईंचा लॅपटॉपवरचा तो वर्ग आहे. प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुख स्वतः पडद्यासमोर बसून बघणार आहेत, बाई शिवण कशी शिकवतात ते. पसंत पडलं तर वर्षभराचं काम मिळेल. तुम्हाला माहीत असेलच.

मास्तर : माहीत आहे. बुधवारी जेवताना सांगितलं तिनं. म्हणजे जेवत मी होतो, ती कागदाच्या बाह्या कापत होती.

ठिणगी : म्हणून आले. दोष काही हाती लागत नाहीये.

मास्तर : तुला? नऊ वर्षं माझ्या शेजारी बसलीस. पहिल्याच दिवशी तारा उलट्या लावून ठिणगी उडवलीस आणि तेच नाव पडलं, पण महिनाभरात डोळे मिटून सर्किट वाचायला लागलीस. आता तर पाटीवर लिहिलंयस, तासाभरात दुरुस्ती. मग होऊ दे की तासाभरात.

ठिणगी : हा नाही झाला. पायरी पायरीनं बघू या का, तुम्ही शिकवलंत तसं?

मास्तर : बघ. लक्षण सांग.

ठिणगी : चार्जर लावला की कसाबसा चालतो, इतका हळू की वर्ग घेताना चित्र, आवाज सगळं अडकतं. काढला की थोड्या वेळात मान टाकतो. बॅटरी सात टक्क्यांवर अडकलीय. कोपऱ्यात लिहून येतं, जोडलंय, पण चार्ज होत नाही.

मास्तर : बॅटरी मेली असेल.

ठिणगी : नवी लावून पाहिली, तीही हलली नाही. आणि बाईंची जुनी बॅटरी मी तसल्याच दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातली, तर तिथे पाचावरून लगेच सातवर गेली. बॅटरी चांगली आहे.

मास्तर : चार्जरचं सॉकेट ढिलं झालं असेल.

ठिणगी : ढिलं नव्हतं, तरी बदललं. मीटरवर साडेएकोणीस व्होल्ट दिसतात, आत बोर्डापर्यंत नीट पोचतात.

मास्तर : लोक हल्ली चार्जिंग ऐंशीवर थांबवून ठेवतात, बॅटरी टिकावी म्हणून. तशी काही खूण चुकून लागली असेल.

ठिणगी : नाही. मशीन सुरू होतानाच्या पडद्यावर जाऊन बघितलं. तिथे लिहिलंय, चार्जर ओळखता येत नाही.

मास्तर : हं.

ठिणगी : आता पुढची पायरी सांगा.

मास्तर : चार्जर नकली असतील तुझे.

ठिणगी : तिन्ही अस्सल. त्यातला एक तर बाईंचाच.

मास्तर : मग बोर्ड गेला. सांग तिला, आता नवीनच घे. नाहीतर थोडे दिवस वर्ग बंद ठेव म्हणावं. आभाळ काही कोसळत नाही.

ठिणगी : 'बोर्ड गेला' असं कोणी म्हटलं की तुम्ही त्याला दिवसभर मीटरला हात लावू द्यायचा नाहीत.

मास्तर : तेव्हा अंगात रग होती.

ठिणगी : या चार्जरच्या टोकात, बरोबर मध्ये, एक बारीक पिन असते. तिच्यातून ताकद येत नाही, ओळख येते. मी कोण, किती वॅटचा, हे चार्जर तिथून सांगतो. ते लॅपटॉपच्या कानावर गेलं नाही, तर तो म्हणतो, परक्याकडून घेऊन आजचा दिवस ढकलेन, पण बॅटरीत काही साठवणार नाही. असंच समजावलं होतंत ना मला?

मास्तर : असंच.

ठिणगी : मग आत्ता चार्जर काढलात, बॅटरी काढलीत, सॉकेट, सेटिंग, सगळं काढलंत. त्या पिनेचं नाव तेवढं तोंडात आलं नाही तुमच्या.

मास्तर : तू दोष विचारायला आलेली नाहीस.

ठिणगी : नाही. दोष मला काल सकाळीच सापडला. बोर्डावर त्या पिनेची जी तांब्याची रेष जाते, ती तुटलीय. जळलेली रेष काळी पडते, फुगते. ओल लागलेली हिरवी होते. ही तशी नाही. केसाएवढी फट आहे आणि दोन्ही कडा सरळ. ब्लेडनं कापल्यासारखी. वर काळी चिकटपट्टी परत लावलेली, अगदी व्यवस्थित. चारही कोपरे गोल कापलेले.

मास्तर : कोपरे कोणीही गोल कापेल.

ठिणगी : कोपरा टोकदार ठेवला की पट्टी तिथून सुटते, हे या रस्त्यावर दोघांनाच माहीत आहे. त्यातली एक मी. मी कापली नाही.

मास्तर : पंखा लावू का? उकडतंय.

ठिणगी : नको. मास्तर, जोडायला मला पाव तास पुरला असता. पण मग बाईंनी विचारलं असतं, काय झालं होतं गं? त्यांच्याशी खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही. आणि खरं काय ते माझ्या तोंडून का जावं त्यांच्या कानावर? काल दिवसभर तो समोर ठेवून नुसती बसले होते. आधी वाटलं, मला तोंडघशी पाडायला केलंत. तिच्याकडून झालं नाही बघा, असं सांगत फिरायला.

मास्तर : नाही. तू मध्ये कुठेच नव्हतीस. माझा हिशोबच तिथे चुकला. मला वाटलं, ती तो माझ्याकडेच ठेवेल.

ठिणगी : मला कळलं नाही.

मास्तर : सांगतो. ऐकून हसू नकोस म्हणजे झालं.

ठिणगी : हसत नाही.

मास्तर : आठ महिने झाले तिला हे वर्ग सुरू करून. त्याआधी दुपारची कामं आटपली की ती इथे यायची, त्या खिडकीपाशी शिवत बसायची. मी कुठल्या मशीनला काय झालंय ते सांगत राहायचो. तिला त्यातलं किती कळायचं देव जाणे, पण हं हं म्हणायची. वर्ग सुरू झाले आणि आतल्या खोलीचं दार लागलं. दाराआडून तिचं हसणं ऐकू येतं. माझ्याशी बोलताना ती कधी तशी हसली नाही. कुठल्या कुठल्या गावच्या अठरा बायका, सारखं बाई, बाई करतात. बरं, तेही मी सोडून दिलं असतं. पण आवाज जात नाही, चित्र दिसत नाही, असं काही अडलं की फोन कोणाला? तुला. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेला नवरा भिंतीपलीकडे बसलाय आणि फोन चाललाय रस्त्यापलीकडे.

ठिणगी : म्हणून कापलीत.

मास्तर : गिऱ्हाइकं तुझ्याकडे गेली ते मी गिळलं. गिऱ्हाईक पाण्यासारखं, उतार दिसला की तिकडे वळतं. रात्री झोप लागायची नाही, पण गिळलं. घरातलं माणूस वळलेलं नाही गिळता आलं. मनात आलं, लॅपटॉप बंद पडला की येईल माझ्याकडेच. तिच्यासमोर उघडेन, दहा मिनिटांत जोडून देईन. ती म्हणेल, तुमच्या हाताला तोड नाही. एवढं एक वाक्य हवं होतं मला.

ठिणगी : पण ठेवला तर होता त्यांनी तुमच्याकडे. गुरुवारी, शुक्रवारी तुमच्याच फळीवर होता. मग जोडला का नाहीत?

मास्तर : गुरुवारी संध्याकाळी वर्ग नव्हता ना, म्हणून ती इथे येऊन बसली. शिवण घेऊन. चांगली दोन तास. गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. शुक्रवारी परत आली. रात्री आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो, मध्ये कागद नाही, कात्री नाही. मला वाटलं, अजून एक दिवस जाऊ दे. हाव सुटते गं माणसाला. रविवारी जोडणार होतो, अगदी नक्की. शनिवारी तिनं उचलला.

ठिणगी : आता मी एक सांगू? तुमच्यावरून माझ्याही पोटात दुखतं. मी जीव ओतून काम करते आणि गिऱ्हाईक मशीन हातात घेऊन म्हणतं, छान झालं, पण मास्तरांचा हात वेगळाच होता. तीन वर्षं ऐकतेय.

मास्तर : कोण म्हणतं?

ठिणगी : बरेच जण.

मास्तर : बरेच म्हणजे कोण कोण?

ठिणगी : ते राहू द्या. मी एवढंच म्हणतेय, दुखतं ते मलाही माहीत आहे. पण म्हणून मी रात्री येऊन तुमच्या दुकानाची तार कापली नाही.

मास्तर : नाही कापलीस.

ठिणगी : बाई माप घ्यायला बाहेर गेल्यात, पावणेदोनपर्यंत पोचतील. त्यांना मी फोन करून इथेच बोलावलंय. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमच्या वतीनं बोलणार नाही आणि तुमच्या विरुद्धही बोलणार नाही. जोडणार कोण?

मास्तर : मी जोडतो. दे इकडे. सोल्डरची गन तापायला लाव.

ठिणगी : आधी बॅटरी काढा.

मास्तर : काय?

ठिणगी : बॅटरी आतच आहे, मास्तर. तशीच ठेवून बोर्डाला हात लावायला निघालात.

मास्तर : खरंच की. हे बघ कसं होतंय माझं. काढतो. भिंग दे. आता ही पट्टी... हं. सरळच कापली गेलीय.

ठिणगी : फार सरळ. म्हणून तर सापडली.

मास्तर : दोन्ही टोकं खरवडतो. तांब्याची बारीक तार आहे का तुझ्याकडे? माझी संपलीय. आणली नाही बरेच दिवस, लागतेच कुठे.

ठिणगी : आणलीय. चिमटा कुठे आहे?

मास्तर : त्या डब्यात.

ठिणगी : तार मी चिमट्यानं धरते. तुम्ही फक्त थेंब सोडा. या बाजूला. आता इकडे. झालं, बसला.

मास्तर : मीटर लाव.

ठिणगी : वाजला. रेष अखंड आहे. बॅटरी घालते, चार्जर लावते. थांबा जरा. आला दिवा. सात. सातच. आठ झाले बघा.

मास्तर : आठ.

(काचेचं दार ढकलून बाई आत येतात. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली आहे.)

बाई : काय झालंय? मास्तरांकडे या म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला वाटलं, यांना काही झालं. हातातलं टाकून आले.

ठिणगी : तसं काही नाही, बाई. लॅपटॉप झाला, चार्ज घेतोय.

बाई : सुटले बाई. काय होतं त्याला?

ठिणगी : मास्तर सांगतील.

मास्तर : आतली एक रेष तुटली होती. चार्जरची ओळख पोचवणारी.

बाई : अशी आपोआप तुटते?

मास्तर : तुटते कधी कधी.

ठिणगी : मी निघते, बाई. दुकान उघडं टाकून आलेय.

मास्तर : थांब. जाऊ नकोस. आपोआप नाही तुटली. मी कापली. गुरुवारी सकाळी, तू अस्तराचं कापड आणायला गेली होतीस तेव्हा.

बाई : कशानं?

मास्तर : ब्लेडनं.

बाई : गुरुवारी. म्हणजे या आजच्या वर्गाचं मी बुधवारी सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मास्तर : हो.

बाई : गुरुवारी संध्याकाळी मी त्या खिडकीपाशी बसून म्हणत होते, माझंच नशीब फुटकं, नेमका आत्ताच बंद पडायचा होता. तुम्ही समोर बसून ऐकत होतात. वर म्हणालात, व्हायचंच असं, यंत्र आहे ते.

मास्तर : म्हणालो.

बाई : शुक्रवारी अठरा जणींना एकेक फोन केला, वर्ग नाही म्हणून. एकीनं विचारलं, बाई, तुमच्या घरातच दुरुस्तीचं दुकान आहे ना? मी म्हटलं, आहे गं, म्हणून तर मला काळजी नाही.

मास्तर : मला तू इथे येऊन बसायला हवी होतीस. दुसरं काही नव्हतं मनात.

बाई : मग हाक मारायची.

मास्तर : हाक मारून आलीस तर त्याला काय अर्थ?

बाई : आणि तार कापून आले त्याला आहे?

मास्तर : नाही.

बाई : दोन संध्याकाळी मी किती समाधानानं बसले होते इथे. मला वाटत होतं, वर्ग बुडाला तो बुडाला, निदान हे बोलायला लागले. त्याही आता उसवल्या तुम्ही.

मास्तर : काही अडलं की तू हिला फोन करतेस. आठ महिन्यांत मला एकदाही विचारलं नाहीस.

बाई : पहिल्यांदा तुम्हालाच विचारलं होतं. पहिला वर्ग, आवाज जात नव्हता. सगळ्या पडद्यावर हात हलवतायत, ऐकू येत नाही म्हणून. मी धावत या दारात आले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, एवढं साधं कळत नाही तर या भानगडीत पडतेस कशाला? दुकानात दोन माणसं होती. त्यांनीही ऐकलं. मी आत जाऊन हिला फोन केला. ही म्हणाली, बाई, खाली माइकचं चित्र आहे, त्यावर तिरकी रेघ दिसते का बघा, तिच्यावर एकदा दाबा. तेवढंच होतं. त्या दिवसापासून मी दार लावून घेते.

मास्तर : मला आठवत नाही.

बाई : कसं आठवेल? तुम्ही बघितलंच नव्हतं माझ्याकडे.

ठिणगी : बाई, बसता का जरा? पाणी देऊ?

बाई : नको. वाजले किती?

ठिणगी : दोनला पाच कमी. चारपर्यंत भरपूर चार्ज होईल, तरी मी चार्जर जोडूनच ठेवेन.

बाई : आज मला आतल्या खोलीत बसून शिकवता येणार नाही. आवाज कापेल माझा, आणि त्या केंद्राच्या बाईंना वाटेल, घाबरले. तुझ्या दुकानामागे खोली आहे ना?

ठिणगी : आहे. टेबल मोकळं करून देते. उजेडही चांगला येतो तिथे.

बाई : मग तिथूनच घेते वर्ग. कागदांची गुंडाळी आणि कात्री घरून घेऊन येते.

मास्तर : गुंडाळी मी आणून देऊ?

बाई : माझी मी आणेन.

मास्तर : मी येऊ का तिकडे? मागे कुठेतरी उभा राहीन. तू काय शिकवतेस ते मी अजून ऐकलं नाहीये.

बाई : आज नको.

मास्तर : बरं.

बाई : पुढच्या आठवड्यात बघू. आज मला राग आलाय आणि तो बाजूला ठेवून मला बाही शिकवायचीय. दोन्ही एकदम जमणार नाही.

ठिणगी : बाई, मी पुढे होऊन खोली आवरते. लॅपटॉप घेऊन जाऊ?

बाई : थांब, हे ऐकूनच जा. तुम्ही मला एक सांगा. हा पुन्हा बंद पडला तर कोणाकडे नेऊ?

मास्तर : हिच्याकडे.

बाई : का?

मास्तर : मी आलेल्या-गेलेल्याला सांगत होतो, ती नुसते भाग बदलते, दुरुस्ती कुठे येते तिला. ते खरं नाही. मी कापलेली रेष दुसऱ्या कोणाला दिसली नसती. हिला दिसली, आणि दिसल्यावर हिनं ती रस्ताभर केली नाही. हिच्याकडेच ने तू.

बाई : नेणारच होते. तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं.